शिळ्याचा वाटा

रात्री उरलेलं अन्न सकाळी कुणाच्या ताटात जातं, यावरून त्या घरातला न्याय कळतो असं मला वाटतं. न्यायाला कोर्टकचेरीच लागते असं नाही. चुलीपुढं तो रोज होतो, नाहीतर रोज चुकतो.

आमच्या बीडकडं भात हे रोजचं अन्न नव्हतंच. खरिपाची बाजरी अन् रब्बीची ज्वारी, भाकरीवरच दिवस निघायचा. भात सणासुदीला, नाहीतर पंगतीला. त्यामुळं शिळं म्हणजे शिळी भाकरी. तव्यावरची ताजी बापाला, मग पोरांना. शिळी मायला, सुनांना अन् पाडव्यापासून सालानं ठेवलेल्या गड्याला. मायला कुणी "तू शिळं खा" असं म्हणायचं नाही. ती आपणहून घ्यायची अन् वर म्हणायची, "मला शिळीच गोड लागती." एवढी गोड लागत होती, तर ती बापाच्या ताटात कधी कशी गेली नाही?

आता तालुक्याच्या गाड्यावर मिळतो तो चायनीज भात आमच्या घरीच होतो. नातवंडांचा हट्ट, म्हणून सुनेनं सुरू केला. या भाताचं एक नवल आहे. याला ताजा भात चालत नाही. गरम भात कढईत टाकला की लगदा होतो. निवून थंड झालेली, मोकळी शितं लागतात. म्हणून सून रात्रीचा भात ताटात पसरते अन् निवला की लगेच फ्रीजमधी ठेवते. उन्हाळ्यात तासन् तास बाहेर राहिलेला भात पोट बिघडवतो, मग तो कितीबी परता. सकाळी लोखंडी कढई चांगली तापवायची. तेल, लसूण, मग बारीक उभी चिरलेली कोबी, गाजर, ढोबळी मिरची. जाळ मोठा अन् हात चालता ठेवायचा, भाजी करकरीत राहिली पाहिजे. मग भात, मिरपूड, शेवटी चमचाभर सोया सॉस अन् वरून कांद्याची पात. सॉस खारट असतो, म्हणून मीठ हात राखून.

हे परकं खाणं घरात कशाला, असं काहीजण म्हणतात. सोया सॉस सोयाबीन अन् गहू आंबवून करतात. सोयाबीन मूळ चीनकडचंच, अन् आज आम्हीच ते पोत्यांनी मोंढ्यात घालतो. मिरचीबी अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांनी आली, तिच्यावाचून आपला ठेचा कुठला? तेव्हा आपलं-परकं याचा मला घोर नाही. मला घोर वाटणीचा.

हा भात शिळाच असतो, पण सगळे मिटक्या मारत खातात. म्हणजे कमीपणा शिळेपणात नव्हता, वाटणीत होता. आमच्या जिल्ह्यातली माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पहाटे उठून भाकरी थापते अन् दुपारी फडात दोघंबी तीच गार भाकरी खातात. तिथं वाटणी सारखी आहे, पण ती गरजेनं केलेली. घरात चार घास जास्तीचे असताना वाटणी सारखी राहते का, हे बघायचं असतं.

मग चायनीज भातानं आमच्या घरात न्याय आणला का? अर्धाच. हा भात कढईतून उतरल्या उतरल्या खायचा. मोठ्या जाळावर एका वेळी दोन-तीन माणसांपुरताच नीट होतो. पहिला घाणा पोरांना, दुसरा आम्हाला. सून शेवटी बसते, तोवर तिच्या वाट्याचा गार झालेला असतो. शिळं सगळ्यांत वाटलं गेलं, पण गार राहिलं ते तिच्याच ताटात. अन् दुरडीत उरलेली भाकरी? तिला कुणी सॉस लावत नाही, म्हणून ती अजून बाईच्याच वाट्याला येते.

रांधणाऱ्याला गरम घास मिळायचा तर दुसऱ्या कुणीतरी उठून कढईपुढं उभं राहिलं पाहिजे. उलथनं हलवायला काही फार शिक्षण लागत नाही.