प्रतिमेची प्रत आणि देवतेचा अधिकार

परदेशी संग्रहालयांतील पूजामूर्ती मूळ स्थानी परत द्याव्यात, ही मागणी जसजशी जोर धरू लागली, तसतसा तिच्यावर एक नवा तोडगाही पुढे येऊ लागला : मूर्तीचे सर्व बाजूंनी छायांकन करून संगणकावर तिची त्रिमितीय प्रतिकृती तयार करावी, चित्रे, ध्वनी आणि निवेदन यांच्या गुंफणीतून तिची कथा सांगावी, ही सामग्री मूळ समाजाच्या हाती द्यावी आणि मूर्ती मात्र आहे तिथेच ठेवावी. या ‘डिजिटल परताव्या’चा विचार बहुधा कायदा आणि मालकी यांच्या अंगाने होतो, परंतु ज्यांच्या लेखी ती वस्तू नसून देवता आहे, त्यांच्यासाठी हा प्रश्न प्रथम धर्मविचाराचा आहे. देवता प्रतीत उतरते का, आणि उतरत असेल तर मूळ मूर्ती मागण्याचे कारण उरते का?

एकनाथांनी भागवताच्या ज्या अकराव्या स्कंधावर आपली मराठी टीका 1573 मध्ये काशीत पूर्ण केली, त्याच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत : दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, रत्नाची आणि मनोमयी. यातील शेवटचा प्रकार, म्हणजे कोणत्याही द्रव्याशिवाय केवळ मनात कल्पिलेली प्रतिमा, येथे फार महत्त्वाचा आहे. कारण जी परंपरा मनातील रूपालाही प्रतिमा मानते, तिला पडद्यावरील रूप केवळ ते जड नाही म्हणून नाकारता येणार नाही. पडद्यावर दिसणाऱ्या विठ्ठलापुढे हात जोडणारा भक्त शास्त्राबाहेर जात नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

मात्र त्याच अध्यायात प्रतिष्ठेचे चल आणि स्थिर असे दोन प्रकारही येतात, आणि स्थिर मूर्तीच्या पूजेत आवाहन व उद्वासन, म्हणजे देवतेला बोलावणे आणि तिला निरोप देणे, हे दोन्ही विधी नसतात, असे स्पष्ट म्हटले आहे. स्थिर मूर्तीतील देवता रोज येत-जात नाही, ती तिथे वसलेली असते. यातून निघणारे अनुमान दूरगामी आहे : रात्री गाभारा फोडून मूर्ती नेणारा चोर दगड नेऊ शकतो, देवतेला निरोप देण्याचा अधिकार त्याला नसतो. भग्न वा अपवित्र मूर्तीतून देवत्व निघून जाते, असे मानणारे आगमग्रंथही आहेत. पण ते तिथेच थांबत नाहीत, शुद्धी, जीर्णोद्धार आणि पुनःप्रतिष्ठा यांचे मार्गही तेच सांगतात.

नेपाळमधील पाटण येथील लक्ष्मी-नारायणाची संयुक्त पाषाणमूर्ती 1984 मध्ये चोरीला गेली आणि पुढे अमेरिकेतील डॅलस कला संग्रहालयात उसनवारीने प्रदर्शित झाली. मंदिरात प्रतिकृती बसवून पूजा चालू राहिली होती, म्हणजे प्रत अपुरी आहे असे तिथल्या भाविकांनी मानले नव्हते. तरीही 2021 मध्ये मूळ मूर्ती परत आली तेव्हा ती कायमची संग्रहालयात न ठेवता त्याच वर्षी मंदिरात पुन्हा स्थापन करण्यात आली. प्रतीची पूजा करणे आणि मूळ मूर्तीवरचा हक्क सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

न्यायालयांनाही हा विचार अपरिचित नाही. तमिळनाडूतील पत्तूर येथे 1976 मध्ये जमिनीत सापडलेला कांस्य नटराज लंडनला पोहोचला, तेव्हा त्याच्यासाठी खुद्द पडक्या मंदिराने इंग्लंडच्या न्यायालयात दावा सांगितला. मंदिर ही विधिव्यक्ती, म्हणजे कायद्याने दावा करू शकणारी व्यक्ती आहे, हे अपील न्यायालयाने 1991 मध्ये मान्य केले आणि नटराज भारतात परतला. मंदिर ओस पडले तरी त्याचा अधिकार नाहीसा होत नाही, हे तत्त्व परक्या न्यायव्यवस्थेने स्वीकारले.

मग डिजिटल कथनाचे खरे स्थान कोणते? ते साक्षीदाराचे आहे. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने दक्षिणेतील मंदिरांची छायाचित्रे जपली नसती, तर ऑस्ट्रेलियाने 2014 मध्ये परत केलेल्या श्रीपुरंतानच्या नटराजाची ओळख पटवणे फार अवघड गेले असते. कथा सांगायचीच, तर ती शतक, धातू आणि शैली एवढ्यावर संपवणे हा अन्याय आहे. रिकामा गाभारा, खंडित झालेला उत्सव आणि विक्रीची खोटी कागदपत्रे हाही त्या मूर्तीचा इतिहासच आहे. शिवाय प्रत काढणे सर्वत्र निरुपद्रवी नसते. अमेरिकेतील झुनी लोकांच्या लाकडी युद्धदेवता ऊनपावसात झिजून मातीला मिळाव्यात अशीच श्रद्धा आहे, आणि त्यांच्या प्रतिकृतीही त्या समाजाला आक्षेपार्ह वाटतात. म्हणून काय दाखवावे आणि काय झाकावे, हे पूजक समाजानेच ठरवले पाहिजे.

विजयनगरला नेलेला विठ्ठल एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी पंढरीला परत आणला, असे वारकरी परंपरा मानते. त्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला देवाचे परतणे म्हणजे सेवेचे पुन्हा सुरू होणे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या कसोटीवर आपल्याकडील व्यवस्थाही उणी पडते, कारण तमिळनाडूतील अनेक मूर्ती सुरक्षेसाठी तिरुवारूरच्या मूर्ती-केंद्रात बंदिस्त आहेत. त्रिमितीय प्रत खरोखरच मूळ मूर्तीइतकी समर्थ असेल, तर ती संग्रहालयांनी आपल्याकडे ठेवावी आणि मूर्ती पाठवावी. आणि शासनाने परत आलेली मूर्ती कोठारात न ठेवता, पहाऱ्याची सोय करून, तिच्या गाभाऱ्यात पोहोचवावी.