सांगाडा पाहिलाय का?

एका सोसायटीतल्या गुलमोहरावर अडकलेल्या मांजराला एका गिर्यारोहक मुलानं उतरवलं, त्याचा व्हिडिओ तुमच्याकडे आलाच असेल, बहुधा तीन-तीन ग्रुपांवरून. तेव्हा सगळी कथा सांगत बसत नाही. मला चीड आली ती झाडाखालच्या मंडळींची. त्यातही हात पाठीमागे बांधून, मिश्कील हसत विचारणाऱ्या त्या काकांची: "झाडावर मांजराचा सांगाडा कधी कुणी पाहिलाय का?"

काका, अपघातात गेलेल्यांचे सांगाडे तरी रस्त्यावर कुठे दिसतात? मग हेल्मेट कशाला? (पुण्यात हा दाखला चालायचा नाही, कबूल.) मांजर वर भुकेतहानेनं गळतं, पकड सुटते आणि ते पडतं. सांगाडा होईपर्यंत फांदीवर थांबायची त्याला सोय नसते. पहाटे झाडलोट करणाऱ्या मावशी त्याला उचलतात, आणि काका खाली येतात साडेआठला, तेही पेव्हर ब्लॉक नीट बसलेत का ते बघायला.

याच तर्काचा शिकलेला भाऊ म्हणजे "मांजर कितीही उंचावरून पडलं तरी जगतं." न्यूयॉर्कच्या एका प्राणी रुग्णालयातला अभ्यास 1987 मध्ये छापून आला. उंच इमारतींवरून पडलेली 132 मांजरं, त्यातली 90 टक्के वाचलेली. पण ही होती दवाखान्यात आणलेली मांजरं. जागीच गेलेल्यांना दवाखान्यात कोण नेणार? न दिसणाऱ्या मेलेल्यांच्या जिवावर निश्चिंत राहण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

मांजराला उतरता येत नाही, यात त्याचा आळस नाही. त्याच्या वाकड्या नख्या चढताना सालीत रुततात, डोकं खाली करून उतरताना निसटतात. खारीचे मागचे पाय घोट्यातून उलटे फिरतात, म्हणून ती सरसर खाली येते. मांजराला पाठमोरंच उतरावं लागतं, आणि भेदरल्यावर ते सुचत नाही. "भटकं आहे हो", "ऑफिसला उशीर होतोय" वगैरे सबबींवर शाई खर्च करत नाही.

तो गिर्यारोहक मुलगा आला, त्यानं आधी गर्दी हटवली, कारण खाली कालवा झाला की मांजर आणखी वर सरकतं. मग वजनाची पिशवी बांधलेली बारीक दोरी भक्कम बेचक्यातून पलीकडे टाकली, तिच्यामागून जाड दोर ओढून घेतला आणि हार्नेस घालून सावकाश वर गेला. गुलमोहराची फांदी कटकन मोडते, म्हणून खोड सोडलं नाही. खिळ्यांचे बूटही घातले नाहीत, झाडाला जखमा होतात म्हणून. त्याच खोडावर सोसायटीनं 'झाडे लावा'ची पाटी खिळ्यांनी ठोकली आहे, हे जाता जाता.

ज्याला येतं त्याच्यावर जबाबदारी अधिक, हे मला पटतं. पण म्हणून रात्री अकराला कुणीही फोन करावा आणि त्यानं धावत यावं? वारा सुटलाय, विजेची तार फांदीला लागून गेलीय, तेव्हा न चढणं हीसुद्धा त्याची विद्याच. रेषा नेमकी कुठे ओढायची ते मला सांगता येत नाही. मांजराला तर हा प्रश्नच पडलेला नव्हता. त्यानं सुटकेबद्दल मुलाचं मनगट ओरबाडलं.

एका बाबतीत मात्र मला तिळमात्र शंका नाही. हा मुलगा यायच्या आधी सेक्रेटरींनी वॉचमनला फर्मावलं होतं, "जा रे, चढ." ना दोर, ना विमा. मांजरासाठी कळवळणाऱ्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी 101 वर अग्निशमन दलाला कळवा, किंवा दोर वापरता येणाऱ्याला बोलावा. फोन खिशात ठेवा, पोरांना घरात घ्या. आणि तो खाली उतरला की त्याच्या पेट्रोलचे आणि रेबीजच्या लशीचे पैसे वर्गणी काढून द्या. गणपतीला पाचशे एक देता, इथे शंभर द्यायला हरकत नाही. काकांकडून दोनशे घ्या.