सटवाईचा लेख

बालकाच्या जन्मानंतर सहाव्या रात्रीं सटवाई येते आणि त्याच्या कपाळीं भविष्य लिहून जाते, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. तिच्यासाठीं कोरा कागद व लेखणी मांडून ठेवण्याची चालही पुष्कळ घरांत होती. या समजुतीस हसण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तिनें आईबापांस मोठा दिलासा दिला होता. मूल रोगट निघालें तर दोष कोणाचा, या प्रश्नास 'लेखच तसा होता' हें उत्तर तयार असे. सटवाईची जागा आतां जनुकांनीं घेतली, असें सर्रास बोललें जातें. तें कितपत खरें आहे, आणि खरें नसल्यास त्या जुन्या दिलाशाचें काय होतें, याचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

उदाहरणादाखल बालपणींचा दमा आणि नाकाचें वावडें हीं दोन दुखणीं घेऊं. तीं घराण्यांत उतरतात, हें वैद्य व गृहिणी दोघांसही पूर्वापार ठाऊक आहे. 2007 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनांत, मनुष्याच्या सतराव्या गुणसूत्राच्या एका भागांतील फेरफार बालदम्याशीं निगडित असल्याचें दिसून आलें. म्हणजे लेख सांपडला! परंतु पुढल्याच वर्षीं फ्रान्समधील कुटुंबांच्या अभ्यासांत असें आढळलें कीं, ज्या मुलांस अगदीं लहानपणीं घरांतील तंबाखूच्या धुराचा संसर्ग झाला होता, त्यांच्या ठिकाणीं हा संबंध अधिक बळकट होता. लेख होता खरा. पण तो ठळक करण्यांत कोणा वडीलधाऱ्या माणसाच्या सिगारेटचाही हात होता.

याचें कारण असें कीं, जनुक असणें निराळें आणि त्यानें कार्य करणें निराळें. डोळ्याच्या व नाकाच्या पेशींत जनुकें तींच असतात. भेद असतो तो कोणतें जनुक केव्हां व किती काम करतें यांत. पोथी एकच, पण प्रत्येक देवळांत निराळा अध्याय वाचला जावा, तसें हें आहे. जागृत जनुक आर. एन. ए. नांवाचें संदेशद्रव्य निर्माण करतें, आणि त्याच्या मोजमापावरून जनुकांचा उद्योग कळतो. मुलाच्या फुप्फुसांतील पेशी काढणें कष्टाचें. नाकांतील पेशी मात्र साध्या बोळ्यानें मिळतात. या मार्गानें पिट्सबर्ग येथील संशोधकांनीं 2025 सालीं दाखवून दिलें कीं, मुलांच्या दम्यांत जनुकांच्या उद्योगाचे निदान तीन भिन्न प्रकार आहेत. नांव एक, रोग अनेक.

मग वाचणारा कोण? 2016 सालीं अमेरिकेंतील आमिश व हटराइट या दोन शेतकरी पंथांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही पंथ मूळचे मध्य युरोपांतले, वंशानें जवळचे, साधे राहणारे, मोठ्या कुटुंबांचे. आमिश लोक अद्यापि घोड्यांच्या बळावर शेती करतात, गोठा घरालगत असतो, आणि मुलें त्यांत बागडतात. हटराइटांची शेती सामाईक व यंत्रांची असून गोठे वस्तीपासून दूर असतात. आमिश मुलांत दम्याचें प्रमाण शेंकडा 5.2, तर हटराइट मुलांत 21.3! आमिश घरांतील धुळींत जंतूंच्या आवरणांतील विषद्रव्य सुमारें सातपट आढळलें, आणि दोन्हींकडील तीस-तीस मुलांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशींत जनुकांचा उद्योगही स्पष्टपणें निराळा दिसला. आमिश घरांतील धूळ उंदरांच्या नाकांत घातली असतां त्यांचें दम्यासारख्या विकारापासून रक्षण झालें. हटराइट घरांतील धुळीनें तें झालें नाहीं.

साठ मुलांवरून सर्व जगाचा निकाल लावूं नये, आणि धुळीचें स्तोत्रही गाऊं नये. ज्यास दमा जडला आहे त्याला हींच द्रव्यें अपायकारक ठरूं शकतात. परंतु दैव म्हणून जें समजत होतों, त्याचा बराच भाग आचार व परिस्थिति यांच्या हातीं आहे, एवढें मानल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आणि येथेंच नीतीचा प्रश्न उभा राहतो. दैव गेलें कीं दोष मोकळा होतो, आणि तो सामान्यतः आईच्या पदरीं येऊन पडतो. रात्रभर धापा टाकणाऱ्या मुलास खांद्याशीं धरून बसलेल्या बाईस आतां विचारतील, 'घर इतकें झाडलेंस कशाला?' किंवा 'पुरतें झाडलें कां नाहींस?' कोणी म्हणेल, परिस्थिति बदलतां येते, तर जबाबदारी झटकणें हा पळपुटेपणा आहे. या आक्षेपांत तथ्य आहे. पण ज्ञान व सामर्थ्य हीं दोन्हीं असल्यावांचून जबाबदारी उत्पन्न होत नाहीं. आमिश मातेनें जनुकांचा विचार करून मुलास गोठ्यांत सोडलें नव्हतें, म्हणून तिला श्रेय नाहीं. मग हटराइट मातेस अपश्रेय तरी कोणत्या न्यायानें द्यावें?

तंबाखूच्या धुराची गोष्ट वेगळी. तेथें अपाय ठाऊक आहे आणि सिगारेट विझविणें हातचें आहे. तेथें दोष टळत नाहीं. शहराच्या हवेची गोष्ट आणखी वेगळी. तिचा अपायही ठाऊक आहे; पण ती शुद्ध करण्याचें सामर्थ्य त्या आईजवळ नसून नगरपालिका, कारखानदार आणि आपण मतदार यांच्याजवळ आहे.

जुनी समजूत आईस दोषमुक्त करीत असे, परंतु त्याबरोबर आपणां सर्वांसही करीत असे. नव्या ज्ञानानें आईची मुक्तता कायम ठेवावी व आपली काढून घ्यावी, हेंच न्यायाचें होईल. एरवीं सटवाईच बरी म्हणावयाची. ती निदान अशा आईस जाब तरी विचारीत नव्हती.