शेतात दडलेला ठेवा



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय 13:44-52) एका माणसाला शेतात पुरलेला ठेवा सापडतो. पुढे तो काय करतो, तिकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तो ठेवा उकरून घरी नेत नाही. तिथेच पुन्हा झाकतो आणि होते नव्हते ते विकून ते शेत विकत घेतो.

आपल्या रत्नागिरीलाही असा ठेवा लाभला आहे. भाट्ये, शिरगाव, साखरतर इथल्या खाड्यांच्या काठी तिवर, कांदळ, चिप्पी उभी आहेत. (पांढरी चिप्पी 2020 पासून आपल्या राज्याचा कांदळवन वृक्ष आहे, हे कितीजणांना ठाऊक आहे?) आपण त्या जागेला नुसता चिखल म्हणतो. आपल्याला कुर्ल्या आणि कोळंबी हवी, चिखल नको! पण जाळ्यात येणारी कित्येक मासळी लहानपणी ह्याच मुळांच्या आडोशाला वाढते. शिवाय ही झाडे हवेतला कार्बन वायू शोषून घेतात. त्यांची पाने, मुळे चिखलात गाडली जातात. तिथे प्राणवायू फारसा पोहोचत नाही, म्हणून ती लवकर कुजत नाहीत आणि त्यांतला कार्बन शेकडो वर्षे तिथेच राहतो. डोंगरावरच्या तेवढ्याच जंगलापेक्षा कांदळवनात तो कित्येक पटींनी जास्त साठतो, आणि त्यातला बहुतेक झाडांत नव्हे, खालच्या चिखलात असतो. झाडे तोडून चिखल उपसला की त्याला हवा लागते, कार्बन पुन्हा वातावरणात जातो आणि पृथ्वीचा ताप वाढतो. हा ठेवा झाकलेला आहे तोवरच ठेवा आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात नाहीशा होणाऱ्या कांदळवनांविषयी चिंता व्यक्त केली होती. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयानेही कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग, असा निर्णय दिला. पण रात्री भरावाचा डंपर रिकामा करणारा न्यायालयाला दिसतोच असे नाही.

दाखल्यातल्या माणसाने शेतासाठी सर्वस्व मोजले. आपल्यापैकी ज्यांची जमीन खाडीला लागून आहे, त्यांना भराव टाकून चार गुंठे वाढवण्याचा मोह सोडावा लागेल. मुलाचे घर तिथे बांधायचे मनात असेल तर हा त्याग लहान नाही, हे मी जाणतो. बाकीच्यांनी घरचे लग्न, बाप्तिस्मा उरकल्यावर प्लास्टिकच्या पत्रावळ्या शेवटी कुठे गेल्या, एवढी तरी चौकशी करावी. पापनिवेदनाला येताना आपण खोटे बोललो, मिस्सा चुकवली, शेजाऱ्याशी भांडलो, हे आठवून येतो. ह्या आठवड्यात खाडीच्या पुलावरून खाली टाकलेली पिशवीही आठवून या.