अस्सल म्हणजे कुठल्या सालचं?

'अस्सल' हा शब्द मराठीत फार रुबाबात वावरतो. तुपाच्या डब्यावर तो असतो, पैठणीच्या दुकानावर असतो आणि हॉटेलच्या पाटीवर तर हटकून असतो. अस्सल मालवणी, अस्सल सावजी, अस्सल कोल्हापुरी! गंमत अशी की कोल्हापुरातली माणसं घरी 'कोल्हापुरी' जेवत नाहीत. ती नुसती जेवतात. ही पदवी लागते ती गाव सोडून निघालेल्या पदार्थाला. माणसाचंही तेच. गावात आहे तोवर कुणी विचारत नाही, परगावी खोली भाड्याने मागायला गेला की पहिला प्रश्न, "मूळचे कुठले?"

आमच्या वाशिमला अकोल्याच्या रस्त्यावर एक नवं हॉटेल निघालं आहे. पाटीवर लाल अक्षरांत 'अस्सल चायनीज'. अमेरिकेत ह्यूस्टनला असणारी भाची सुटीवर आली होती, तिला आम्ही तिथे नेलं. म्हणजे खरं तर तिनेच आम्हाला नेलं, कारण पैसे तीच देणार होती. बरोबर तिचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी. रिसोडकडचे शेतकरी. भाकरी सोडून जे जे काही असतं त्याला ते 'नाश्टा' म्हणतात, मग तो रात्री नऊ वाजता का असेना.

मंचुरियन आलं. भाऊजींनी एक गोळा चमच्यावर घेऊन उजेडाकडे धरला आणि स्वैपाक्यालाच बोलावून घेतलं. तो एक हसरा नेपाळी पोरगा.

"काय बाप्पा, तू चीनचा होय काय?"

"नहीं काकाजी, नेपाल."

"मंग हे अस्सल कसं काय?"

पाटी काही त्या पोराने रंगवली नव्हती. तो नम्रपणे म्हणाला, "काकाजी, थोडा ठेचा डाल दूँ?" आणि ठेचा घातलेलं ते मंचुरियन भाऊजींनी दोन प्लेटा खाल्लं.

भाची म्हणाली, "बाबा, मंचुरियात जाऊन शोधलं तरी हे मिळायचं नाही." खरंच आहे. चिकन मंचुरियनचं जन्मगाव मुंबई. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग नावाच्या चिनी वंशाच्या आचाऱ्याने 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वैपाकघरात ते केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच. गरम मसाल्याऐवजी सोया सॉस. आणि तो ज्या सोयाबीनचा होतो, ते मूळ चीनकडचं पीक आज आमच्या जिल्ह्यात बांधापासून बांधापर्यंत उभं असतं. म्हणजे त्या प्लेटीत चीनचं जे काय होतं, ते भाऊजींच्याच शेतात पिकतं!

मग भाचीने तिच्याकडची हकिगत सांगितली. ह्यूस्टनच्या शेजारचं राज्य लुइझियाना. तिथल्या 'केजन आणि क्रिओल' जेवणाचं एक नवं हॉटेल तिच्या घराजवळ निघालंय. केजन म्हणजे मूळचे फ्रेंच शेतकरी. कॅनडाच्या किनाऱ्यावर त्यांची वस्ती होती. 1755 पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकून लावलं आणि त्यातले पुष्कळ जण फिरत फिरत लुइझियानाच्या दलदलीत येऊन राहिले. क्रिओल हे न्यू ऑर्लिन्स शहरातलं जेवण. त्यात फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी आणि तिथले मूळचे लोक, सगळ्यांचा हात. त्यांचं नावाजलेलं कालवण म्हणजे गंबो. पीठ तुपातेलात चॉकलेटी होईस्तोवर भाजायचं आणि त्यात कोळंबी, कोंबडी, भेंडी. गंबो हा शब्दच आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आलेला.

"म्हंजे भेंडीचीच भाजी ना!" भाऊजी म्हणाले. "एवढ्यासाठी अमेरिकेत कायले जा लागते?"

आणि मसाला फासून काळा केलेला जो मासा जगभर 'अस्सल केजन' म्हणून खातात, तो पॉल प्रुडोम या आचाऱ्याने 1979 साली हॉटेल काढल्यावर प्रसिद्धीला आणला. मंचुरियनहून तो काही वडील नाही.

आता आपलं ताट घ्या. भाकरीची ज्वारी मूळची आफ्रिकेची. ठेच्यातली मिरची अमेरिकेची. पोर्तुगीज इथे आले नसते तर आपण मिऱ्यांवरच भागवलं असतं. त्यात घातलेले शेंगदाणेही तिकडचेच. एक तूर तेवढी मूळची इथली. म्हणजे 'अस्सल वऱ्हाडी' या पाटीखाली अर्धं जग मांडी घालून बसलेलं आहे! तेव्हा अस्सल म्हणणाऱ्याला एकच विचारावं: कुठल्या सालापर्यंतचं?

मग सगळंच चालतं का? नाही. आपल्या भाषेत दोन शेजारी शब्द आहेत, भेसळ आणि मिसळ. मिसळीत फरसाण कुठलं, रस्सा कुठला, ते उघड दिसतं. भेसळीत ते लपवलेलं असतं. पाप मिसळण्यात नाही, लपवण्यात आहे. आणि सर्वांत जास्त लपवला जातो तो करणाऱ्याचा हात. न्यू ऑर्लिन्सच्या कितीतरी घरांत गंबो ढवळला तो गुलाम म्हणून राबवलेल्या आफ्रिकी बायकांनी. नाव झालं मालकिणीच्या घराण्याचं. मला विचाराल तर खरी भेसळ ही. दुधात पाणी घालणारा निदान दूध आपलं म्हणत असतो. इथे दूधच दुसऱ्याचं.

अस्सलपणाची ही चाळण ताटापुरती राहिली असती तर मी एवढा कागद खर्च केला नसता. पण हात धुऊन उठलो की तीच चाळण आपण माणसांना लावतो. भाडेकरूला लावतो, सुनेला लावतो, तीन पिढ्या शेजारी राहिलेल्यालाही "तुम्ही मूळचे इथले नाहीत ना?" म्हणून लावतो. मिरचीला चारशे-पाचशे वर्षांत आपण घरची मानलं. माणसाला इतका वेळ द्यायचा म्हटलं तर त्याने जगायचं कधी?

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. पाटीवर 'अस्सल' खुशाल लिहा, पण त्याखाली आत ज्याचा हात भाजतो त्याचं नाव लिहा. त्या नेपाळी पोराला दोन प्लेटा होईपर्यंत त्याचं गाव विचारून झालं, देश विचारून झाला. नाव मात्र आमच्या टेबलावरून कुणीच विचारलं नव्हतं. ते शेवटी भाऊजींनी विचारलं. ठेचा चांगला होता, एवढंच कारण त्यांनी दिलं. मला ते पुरेसं वाटलं.