हिरव्या टॅबमधला सर्व्हर

नाशिकच्या एका छोट्या कंपनीत नव्याने लागलेल्या पोराने अख्खी सकाळ विंडोज टर्मिनल नटवण्यात घालवली. दर सर्व्हरचं वेगळं प्रोफाइल केलं, त्यात एसएसएचची कमांड भरून ठेवली. कंट्रोल-ऑल्टबरोबर 1 दाबलं की पहिला टॅब, 2 दाबलं की दुसरा. टॅबना दिलेली नावं मात्र टिकेनात. लॉगिन झालं की सर्व्हरवरचा बॅश आपलंच नाव लावून मोकळा. सेटिंगमध्ये जाऊन त्याने तीही खोड मोडली. शेवटी रंग दिले: टेस्ट हिरवा, प्रॉडक्शन लाल. इतकं निगुतीने करणारे फार नसतात.

टीममधल्या सीनियर ताईंना दाखवलं. "छान. जा, चहा घेऊन ये," म्हणत त्या खुर्चीत बसल्या.

तो परतल्यावर म्हणाल्या, "टेस्टचा डेटाबेस रिकामा करायचाय. कमांड लिही, पण एंटर मारू नकोस."

त्याने भराभर लिहिली.

"कुठे आहेस?"

"टेस्टवर. हिरवा आहे ना!"

"ती कमांड खोड. होस्टनेम विचार."

विचारलं. उत्तर आलं प्रॉडक्शनचं. ताईंनी हिरव्या टॅबमधूनच तिकडे एसएसएच करून स्क्रीन साफ करून ठेवली होती. प्रॉम्प्टमध्ये नाव होतं, पण दोन्ही नावांत फरक एका आकड्याचा. तो कोण वाचतो?

"टॅब तुझ्या मशीनवर रंगलाय. सर्व्हरला त्याचा पत्ताही नाही," ताई म्हणाल्या. मग त्यांनी गिटलॅब कंपनीची हकिगत सांगितली. 31 जानेवारी 2017ची रात्र. दुय्यम डेटाबेस सर्व्हरवर आहोत या समजुतीने एका इंजिनिअरने मुख्य सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर पुसायला घेतलं. एकदोन सेकंदांत चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे 300 जीबीतले साडेचारच उरले होते. जवळपास सहा तासांचा डेटा कायमचा गेला. पुढे त्यांनी ठरवलेल्या सुधारणांत प्रॉम्प्टही होता: कुठल्या सर्व्हरवर आहोत हे त्यातून ठळक दिसलं पाहिजे.

पोराने प्रॉडक्शनवरची आपल्या खात्याची बॅशआरसी फाइल उघडली आणि प्रॉम्प्ट लालभडक केला. आता कुठल्याही मशीनवरून आत शिरलं तरी लालच दिसणार. पुन्हा ताईंना हाक मारली.

ताईंनी सुडो करून रूटचं शेल उघडलं. प्रॉम्प्ट पुन्हा पांढरा.

"रूटची फाइल वेगळी असते," त्या म्हणाल्या. "आणि पुसापुशी करताना आपण बहुतेक वेळा रूटच असतो."