प्रायश्चित्त कोणापुढे?



२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी व आपल्या माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्र टाकून ते तळे 'शुद्ध' केले. डोकी फुटली माणसांची आणि शुद्धी झाली पाण्याची! मनुस्मृतीचा अकरावा अध्याय अशाच प्रायश्चित्तांनी भरलेला आहे.

धम्मात तसे नाही. अंगुलिमाल भिक्खू झाला, तरी श्रावस्तीत लोकांनी त्याला दगड मारले. तो रक्तबंबाळ होऊन परतला, तेव्हा भगवंतांनी त्याला कर्मफळ सोसण्यास सांगितले. अजातशत्रूने पितृहत्या कबूल केली, तेव्हा दोष हा दोष म्हणून ओळखणे व पुढे संयम पाळणे हीच उन्नती, असे भगवंत म्हणाले.

आता आपल्या घरात पाहा. वणी-दारव्ह्याकडे बाई दिवसभर कापूस वेचून मजुरी आणते आणि नवरा ती दारूत घालवतो. त्याने पौर्णिमेला विहारात पंचशील म्हटले, म्हणून ते अकुशल कर्म फिटत नाही. त्याने बायकोपुढे दोष कबूल करावा, दारू सोडावी, आपली मजुरी तिच्या हाती ठेवावी. ज्याचे नुकसान केले, त्याच्यापुढेच प्रायश्चित्त करायचे असते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती तोंडाने घेतली. आता चुलीपाशी पाळू या.